शितावरून भाताची परीक्षा, पण भात कुठल्या भांड्यातला?

आज आकड्यांबद्दल बोलायचे आहे. आकडे म्हटले की बचत गटाच्या बैठकीतसुद्धा निम्म्या जणी उठून चहा ठेवायला जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण अंगणवाडीत मुलाला काय मिळणार, गरोदर बाईला कोणती गोळी मिळणार, नवी अंगणवाडी आपल्या पाड्यावर येणार की नाही, हे सगळे कुणीतरी कुठेतरी आकडे बघूनच ठरवते. ते आकडे आपल्याच घरातून गेलेले असतात. म्हणून चहा जरा उशिरा ठेवू.

एका आकड्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने उंचीला कमी आहेत. वर्तमानपत्रात हे छापून येते, मंत्र्यांच्या भाषणात येते. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी तर कुणी मोजायला आले नव्हते. बरोबर आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या बहुतेक घरांत कुणीच आले नव्हते. मग हे ३५ आले कुठून?

ते आले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून. १९९२-९३ मध्ये त्याची पहिली फेरी झाली. पाचवी फेरी २०१९-२१ ची. हे काम देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था सांभाळते. बदलापूरहून लोकलने कुर्ल्याला उतरून हार्बरने गोवंडीला गेलात की जवळच. म्हणजे देशभराच्या मुलांचा हिशेब आपल्यापासून दोन गाड्यांच्या अंतरावर होतो.

पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ३१,६४३ घरे घेतली होती. एवढ्या मोठ्या राज्यातली फक्त एवढीच घरे! पण भात शिजला की नाही हे बघायला आपण सगळे पातेले चिवडत नाही, एक शीत दाबतो. सर्वेक्षणाचे तसेच आहे. फक्त शीत कुठून उचलायचे त्याचे नियम कडक असतात. आधी गावे आणि शहरातले भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. निवडलेल्या ठिकाणच्या सगळ्या घरांची यादी करायची. त्या यादीतून साधारण २२ घरे ठरावीक पद्धतीने काढायची. सरपंच म्हणाले म्हणून त्यांच्या ओळखीचे घर घेता येत नाही, आणि दाराला कुलूप दिसले म्हणून शेजारचे घरही घेता येत नाही. पुन्हा जायचे असते.

आता ह्या घरांना जिल्ह्यांत वाटा. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे. म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला नऊशेच्या आसपास घरे आली. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ऐंशी लाखांवर. त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, भिवंडी अशी मोठमोठी शहरे, आणि शहापूर-मुरबाडचे डोंगरातले पाडेही. आपली उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही मधल्या पट्ट्यात. नऊशे घरांपैकी ह्या तिघांच्या वाट्याला किती येणार? त्यातही पाच वर्षांखालचे मूल असलेली घरे किती? त्यामुळे 'उल्हासनगरमध्ये इतके टक्के कुपोषण' असे कुणी ह्या सर्वेक्षणाचे नाव घेऊन सांगितले, तर विश्वास ठेवू नका. ते सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंत बोलते. त्याच्या खाली बोलायला त्याच्याजवळ पुरेशी शितेच नाहीत.

आणखी एक गोम आहे, ती खास आपल्या जिल्ह्याची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. चौथी फेरी २०१५-१६ मध्ये झाली, पण तिने २०११ च्या जनगणनेतले जिल्हे धरले होते. त्यामुळे तिच्या 'ठाणे' ह्या नावात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू सगळे होते. पाचव्या फेरीत पालघर वेगळा मोजला. आता कुणी दोन्ही फेऱ्यांचा ठाण्याचा आकडा शेजारी ठेवून म्हणाले की बघा किती सुधारणा झाली, तर विचारायचे, सुधारणा झाली की जव्हार-मोखाडा निघून गेले? एकत्र कुटुंब वेगळे झाले म्हणून मागे राहिलेल्या चुलीवरचा खर्च कमी दिसतो. त्याला काटकसर म्हणत नाहीत.

जव्हारचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले दगावली तेव्हा सगळ्या राज्याचे लक्ष कुपोषणाकडे गेले. (ही वांगणी म्हणजे आपल्या बदलापूरपुढच्या स्टेशनची नव्हे.) मुले आधीही जात होती, पण ती कुठल्या वहीत येत नव्हती. पुढे डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून बालमृत्यूंची स्वतंत्र मोजणी केली. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' ह्या नावाने तिचा अहवाल निघाला. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी जास्त आहेत असे त्यात दिसले. मेलेले मूल मोजले गेले नाही, तर त्याच्या पाठच्या भावंडाला वाचवायला पैसा कुणी मंजूर करत नाही. आकड्यांचा एवढा खटाटोप त्यासाठी आहे.

२००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. सुरुवातीला भर आदिवासी जिल्ह्यांवर आणि तीव्र कुपोषित मुलांवर होता. पुढे कामाची दिशा बदलली. मूल पोटात आल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंतचे हजार दिवस महत्त्वाचे मानले गेले, कारण उंची खुंटते ती ह्याच काळात, आणि नंतर कितीही खाऊ घातले तरी गेलेली उंची फारशी भरून निघत नाही. मग हे काम फळले की नाही हे कसे कळणार? राष्ट्रीय सर्वेक्षणाची पुढची फेरी लांब होती. २०१२ मध्ये राज्याने स्वतःहून देवनारच्या त्याच संस्थेकडून आणि युनिसेफच्या मदतीने फक्त महाराष्ट्राचे पोषण सर्वेक्षण करून घेतले. दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २३ टक्क्यांच्या आसपास आले. सहा-सात वर्षांत एवढी घट म्हणजे मोठी गोष्ट. जगभर तिची चर्चा झाली.

पण आम्हाला त्या सर्वेक्षणाचे मोल वेगळ्या कारणासाठी वाटते. आपले काम दुसऱ्याकडून तपासून घ्यायला सरकार स्वतः तयार झाले. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासला नाही.

त्यानंतरचे आकडे मात्र थांबल्यासारखे आहेत. पाच वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होते, पाचवीत ३५.२. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे लुकडी मुले, दोन्ही वेळा २५.६. आणि अगदीच रोडावलेली, ज्यांना अंगणवाडीत 'सॅम' म्हणतात, ती ९.४ वरून १०.९. आणि हे आकडे करोनाच्या आधीचे आहेत, कारण महाराष्ट्रातली पाहणी २०१९ च्या उत्तरार्धात झाली होती.

इथे खुजे आणि लुकडे ह्यांतला फरक नीट धरून ठेवा, कारण दोघांचे औषध वेगळे. खुजेपण म्हणजे जुनी उधारी. आईचे लग्न कोवळ्या वयात झाले, तिचे वजन कमी, गरोदरपणात पोटभर नाही, बाळाला सहा महिन्यांनंतर वरचे अन्न उशिरा, पाणी खराब म्हणून सारखे जुलाब, हे सगळे साचत गेले की उंची अडते. लुकडेपण म्हणजे आजची अडचण. महिन्याभरात ताप-जुलाब झाला, काम सुटले, घरात धान्य संपले. जिथे खुजी मुले जास्त, तिथे फक्त पाकिटे वाढवून भागत नाही, मुलींच्या लग्नाच्या वयापासून नळाच्या पाण्यापर्यंत बघावे लागते. जिथे लुकडी जास्त, तिथे मूल आज उचलून दवाखान्यात, ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते. 'कुपोषण' हा एकच शब्द वापरला की दोन्ही कामे अर्धवट राहतात.

आता अंगणवाडीच्या आकड्यांकडे वळू. मार्च २०२१ पासून सेविकांच्या मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर आला. दर महिन्याला मुलाचे वजन आणि उंची त्यात भरायची. ह्या ट्रॅकरमध्ये 'सॅम' मुलांचे प्रमाण सर्वेक्षणापेक्षा फारच कमी दिसते. सर्वेक्षण म्हणते दहात एक, ट्रॅकर त्याच्या कितीतरी खाली. खरे कोण?

सरकारी बाजूने सांगतात की सर्वेक्षणात थोडीच घरे असतात आणि त्याला वर्षे झाली, ट्रॅकरमध्ये लाखो मुले दर महिन्याला असतात. ह्यात तथ्य आहे. पण लाखो मुले असली तरी ती नोंदवलेली मुले. जे मूल अंगणवाडीच्या यादीतच नाही, ते लाखांत येत नाही. शिवाय सर्वेक्षणात मोजणारी बाई बाहेरची, शिकवून तयार केलेली, आणि तिला आकडा कमी-जास्त निघाल्याने काही फरक पडत नाही. सेविकेला पडतो. यादीत 'सॅम' मूल आले की पर्यवेक्षिकेचे प्रश्न, बैठक, कागद. उंची मोजताना मूल वळवळते, एका सेंटीमीटरचा फरक पडतो आणि रंग बदलतो. त्यात काटा बिघडलेला, नेट नाही, पगार थकलेला. आम्ही सेविकेला दोष देत नाही. ज्याला खरे सांगितल्याबद्दल बोलणी खावी लागतात त्याच्याकडून खरे येत नाही, हे सासरी राहिलेल्या कुठल्याही बाईला समजावून सांगायला नको.

आमच्या मते दोन्ही आकडे हवेत. सर्वेक्षणाने जिल्हा कुठे उभा आहे हे सांगावे. ट्रॅकरने कुठल्या घरातले मूल ह्या महिन्यात घसरले हे सांगावे. एकाचे काम दुसऱ्याला दिले की गोंधळ होतो.

आपल्या तीन शहरांत यादीबाहेरची मुले कोण, ते बघू. उल्हासनगर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वसले, १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. कॅम्प एक ते पाच. २०११ मध्ये तिथे पाच लाखांवर माणसे होती, एवढ्याशा जागेत. जीन्स शिवण्याचे काम घराघरांत चालते. आई दिवसभर मशिनवर किंवा धागे कापायला बसलेली असते, मूल शेजारी पाकिटातला खाऊ खात असते. पोट भरलेले दिसते. बदलापुरात २००१ मध्ये लाखभर माणसे होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती इमारती, किती चाळी झाल्या ते आपण बघतोच. पण २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा नियम आहे. लोकवस्तीचा आकडा २०११ चाच पुढे ठेवला, तर ज्या चाळी त्यानंतर उभ्या राहिल्या त्यांतली मुले हिशेबात कुठून येणार? पहाटेची लोकल पकडून धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईचे मूल अंगणवाडीच्या वेळेत कुठल्या तरी आजीकडे असते. त्याचे वजन कोण करणार?

आणि गावाच्या बाजूला वीटभट्ट्या. दिवाळी झाली की शहापूर, मुरबाड, कर्जतकडची कातकरी कुटुंबे भट्टीवर येतात, पावसाच्या आधी परततात. शहापूरसारख्या आदिवासी तालुक्यात गरोदर आणि स्तनदा मातेला अमृत आहार योजनेतून एक वेळचे ताजे जेवण मिळते, मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. भट्टीवर आली की ते ताट गावी राहते. नाव गावच्या अंगणवाडीत, मूल भट्टीवर. नाव इकडे वळवून घेण्याची सोय आता मोबाइलमध्ये आहे, पण त्यासाठी मूल भट्टीवर आले आहे हे कुणीतरी सेविकेला सांगायला हवे. ते तुम्ही सांगू शकता. ह्याच्याइतके साधे आणि उपयोगी काम दुसरे नाही, असे आम्हाला वाटते.

रक्ताच्या आकड्याबद्दलही सांगायला हवे, कारण गोळ्यांचे धोरण त्यावर ठरते. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. आधी ४८ टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांत तर ५३.८ वरून ६८.९. एवढी उडी कशी? ह्या तपासणीत बोटाला सुई टोचून थेंब घेतात. बोट जोराने दाबले तर रक्तात पाणचट अंश मिसळतो आणि आकडा कमी येतो. २०१६-१८ मध्ये केंद्राने दुसरे एक मोठे पोषण सर्वेक्षण केले, त्यात शिरेतून रक्त घेतले. देशभरातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांत तेव्हा ४१ टक्के रक्तक्षय निघाला. त्याच सुमाराची बोटाची तपासणी ५८ च्या पुढे सांगत होती. त्यावरून तज्ज्ञांत वाद झाला. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून ही तपासणी काढली, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे शिरेच्या रक्ताचे वेगळे सर्वेक्षण दिले. ह्याचा अर्थ रक्तक्षय नाही असा नाही. ४१ म्हणजे काय थोडे आहेत? तेव्हा लाल गोळी चालूच ठेवा. शाळेत मुलीला मिळणारी निळी गोळीही तिने खाऊन टाकायची आहे, दप्तरात साठवायची नाही.

सगळ्या आकड्यांमध्ये आम्हाला सर्वांत जास्त बोचला तो वेगळाच. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले महाराष्ट्रात दहातले एकसुद्धा नाहीत. पुरेसा म्हणजे बदाम-पिस्ते नव्हेत. चार तरी प्रकारचे अन्न आणि वयाप्रमाणे पुरेशा वेळा. भात, डाळ, पालेभाजी आणि एक अंडे, झाले चार. ही मुले काही सगळी गरीब घरांतली नाहीत. नऊ महिन्यांच्या बाळाला डाळीचे नुसते पाणी आणि चहात बुडवलेले बिस्कीट हा बऱ्या घरांतलाही रिवाज आहे. अशा ठिकाणी सरकारने पाकीट बदलले तरी फरक पडणार नाही, बाळाच्या वाटीत काय पडते ते बदलायला हवे. हा आकडा बघून कुणी कार्यक्रम आखला, तर त्याने आजीला प्रशिक्षणाला बोलवावे. आईला सतराशे साठ वेळा सांगून झाले आहे.

आता गटाने काय मोजायचे? अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडे दंडाची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर ह्यांच्या बरोबर मध्ये लावायची. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढे हिरवी. लाल आले की त्याच दिवशी आरोग्य केंद्र. दंड आणि वजन-उंची ह्या दोन्ही मोजण्या नेहमी एकाच मुलाकडे बोट दाखवत नाहीत, म्हणून पट्टी हिरवी आली तरी वजन थांबलेले मूल दाखवून आणायचे.

मोजताना एकाच महिन्यावर जाऊ नका. समजा पाड्यावर ४० मुले आहेत. ऑगस्टमध्ये दोन पिवळी निघाली, जानेवारीत सहा. लगेच 'कुपोषण तिप्पट' असे म्हणू नका. जानेवारीत भट्टीवरची १५ मुले वाढली असतील. तीच मुले पुन्हा मोजली की नवी आली, हे वहीत वेगळे लिहा. किती मुले मोजली आणि किती सापडली नाहीत, हेही लिहा. न सापडलेल्यांची यादी ही वहीतली सर्वांत मोलाची पाने आहेत. दुसरे, मुलांची नावे ग्रामसभेत वाचू नका. संख्या सांगा. नाव फक्त सेविका, आशा आणि डॉक्टर ह्यांच्यासाठी.

ती संख्या घेऊन ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे जायचे आणि ग्रामसभेला जायचे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून दरवर्षी शिलाई मशिनच का, वजनकाटा आणि उंचीची फळी का नाही, हे संख्या हातात असली की विचारता येते. गावाचा विकास आराखडा ठरताना विचारलेले जास्त उपयोगी पडते. ठरून गेल्यावर ग्रामसेवक फक्त मान हलवतात.

शेवटी श्रोत्यांमधून नेहमी येणारा एक प्रश्न. सर्वेक्षणवाली बाई दारात आली तर बोलायचे का? बोला. तिचे ओळखपत्र बघा. ती आधी तुमची परवानगी विचारते, आणि नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल तर तेवढाच प्रश्न सोडता येतो. अहवालात तुमचे नाव येत नाही. पैसे किंवा ओटीपी मागितला, तर ती सर्वेक्षणवाली नव्हे. वजन, उंची, रक्त काही तपासले तर आकडा तिथेच विचारून कागदावर लिहून घ्या, तो तुमचाच आहे. आणि ती म्हणाली की मुलाला उभे करा, उंची घ्यायची आहे, तर चपला काढा आणि अंबाडा, क्लिप सोडा. दोन वर्षांखालचे मूल असेल तर फळीवर निजवूनच मोजायला सांगा, एकीने डोके धरा, दुसरीने गुडघे.